व्यायामवर्गासाठी स्वतःचा ब्लॉग: सॉफ्टवेअर निवडण्यापासून पहिला लेख टाकण्यापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजारात माझा बायकांचा आणि ज्येष्ठांचा व्यायामवर्ग आहे. सकाळी साडेसहाची एक बॅच, दुपारी चारची एक. काही वर्षांपूर्वी वर्गाची वेबसाइट ओळखीतल्या एका तरुणाने करून दिली होती. डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे तिचा पत्ता) त्यानेच नोंदवलं, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) त्यानेच घेतलं, मी फक्त लेख लिहून पाठवायचे. पुढे तो परदेशी गेला, ईमेल बदलला, नूतनीकरण राहून गेलं आणि एक दिवस आमच्या पत्त्यावर भलतंच पान उघडायला लागलं. गुडघेदुखी, पाठ, बाळंतपणानंतरचा व्यायाम अशा विषयांवरचे तीसेक लेख त्यात गेले. अकरा लेख मला इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, सापडले. तुमचीही जुनी साइट अशी गेली असेल, तर नव्याने लिहायला बसण्याआधी तिथे जुना पत्ता टाकून बघा.

त्यानंतर सगळं मी स्वतः बसवलं. संगणकाचं शिक्षण नाही, तरी दोन रविवारांत झालं. योगवर्ग, झुंबा, छोटी जिम, मल्लखांबाचा वर्ग चालवणारे बरेच मराठी लोक इथे आहेत आणि मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहिते आहे. व्यायामावर मराठीत लिहिणं बडोद्याला नवीन नाही. व्यायाम ज्ञानकोशाचे खंड याच गावातून निघाले, आणि जुम्मादादा व माणिकरावांच्या आखाड्याचं नाव इथल्या कुठल्याही मराठी घरात माहीत असतं. आपल्याकडे सांगण्यासारखं असतं. ते टिकेल अशा जागी ठेवायचं, एवढंच काम आहे.

सुरुवात करण्याआधी जवळ काय ठेवाल

- वर्गाच्या नावाने उघडलेला वेगळा ईमेल, दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा, उदाहरणार्थ फोनवरचा कोड) चालू केलेला. पुढची सगळी खाती यावरच उघडायची.
- पॅन आणि आधार. डॉट इन नावासाठी ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं.
- यूपीआय किंवा कार्ड. जीएसटी नोंदणी असेल तर तो नंबर.
- वर्गाच्या पत्त्याचा पुरावा: वीजबिल, गुमास्ता परवाना, दारावरची पाटी.
- वर्गाचे आठ-दहा स्वच्छ फोटो.
- लॅपटॉप. रोजचं लिखाण फोनवर होतं, पण पहिली मांडणी मोठ्या पडद्यावरच करा.
- एक कागदी वही. कोणतं खातं कुठे आहे, कोणत्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते, एवढं त्यात लिहायचं. पासवर्ड मात्र वहीत नको, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

१. ब्लॉग कशासाठी हवा ते ठरवा

इन्स्टाग्राम आहे ना, मग ब्लॉग कशाला, असं बरेच जण म्हणतात. इन्स्टावरचं पोस्ट चार दिवसांत खाली जातं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या बायका आधी फोनवर शोधून येतात: जवळचा वर्ग, फी किती, गुडघे दुखत असले तर चालेल का. या प्रश्नांची उत्तरं सहा महिन्यांनीही त्याच पत्त्यावर सापडायला हवीत.

दुसऱ्याच्या जागेवर सगळं मांडलं की काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण आहे. गूगलच्या व्यवसाय नोंदीतून फुकट छोटी वेबसाइट करता यायची. कितीतरी लहान दुकानांनी ती केली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि त्या सगळ्या साइट गेल्या. स्वतःचं डोमेन ज्यांनी घेतलं होतं, त्यांना तोच पत्ता दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवता आला.

२. डोमेन आधी घ्या, आणि स्वतःच्या खात्यातून

सॉफ्टवेअर नंतर बदलता येतं. पत्ता बदलला की पाटी, पावत्या, गूगलवरची ओळख सगळंच बदलावं लागतं. म्हणून पहिला खर्च डोमेनवर करा. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. देवनागरीतलं डॉट भारत नावही मिळतं आणि ते दिसतं सुंदर, पण फोनवर पत्ता सांगताना आणि काही ठिकाणी ईमेल भरताना अडचण येते. घ्यायचंच असेल तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता रोमन ठेवा.

नाव असं निवडा की फोनवर एकदा सांगितलं तरी समोरच्याला लिहिता येईल. 'व्यायाम' हा शब्द रोमन लिपीत लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात. तो नावात असेल तर पत्ता रोज समजावून सांगावा लागतो.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. वेबसाइट करून देणारा म्हणतो, "डोमेन मीच घेतो, तुम्हाला कशाला त्रास?" त्याला नको म्हणा. त्याला समोर बसवा आणि तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावाने, तुमच्या पैशाने खरेदी करा. दुसरं, डॉट कॉम घेतल्यावर ईमेल खरा आहे हे तपासणारं एक पत्र येतं. त्यातल्या दुव्यावर पंधरा दिवसांत टिचकी मारली नाही, तर डोमेन थांबवलं जातं. पत्र स्पॅममध्ये पडलं असेल तर तिथून शोधून काढा. तिसरं, पहिल्या वर्षाचा दर आमिषाचा असतो. पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर बघा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि तोच खरा दर माना.

नूतनीकरण आपोआप होईल या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे जायला ई-मँडेट, म्हणजे आपण आधी नोंदवलेली मंजुरी, लागतं. विकणाऱ्याकडे ती सोय नसेल तर पैसे अडतात. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख वहीत आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये, दोन्हीकडे लिहा.

घरातच वर्ग घेत असाल, तर डोमेन नोंदवताना खाजगीपणाची सोय आहे का ते विचारा, नाहीतर घरचा पत्ता उघड्या नोंदीत दिसू शकतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी हे आवर्जून बघावं.

३. सॉफ्टवेअर निवडा

याद्या आणि तुलना वाचत बसलात तर महिना जातो. मी दोनच प्रश्नांवर निवड केली. मंगळवारी बॅच संपल्यावर, चहा पिता पिता, फोनवरून अर्ध्या तासात एक लेख टाकता येतो का? आणि सगळे लेख एका फाइलमध्ये बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात का? सुंदर रंग, हलणारी चित्रं, तयार नमुने यांचा विचार मग करा.

वर्डप्रेस. माझं यावरच आहे. २००३ पासून चालू आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन यावर चालतात. त्यामुळे अडलं तर मदत करणारा माणूस कुठल्याही गावात मिळतो. लेख बाहेर काढता येतात, होस्टिंग बदलता येतं. वाईट बाजू अशी की अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी आपली. सहा महिने बघितलंच नाही तर घुसखोरी होऊ शकते.

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर. ते आपण घेतलेल्या होस्टिंगवर बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची तयार सेवा आहे. तिथल्या फुकट योजनेत पत्ता त्यांच्या नावाचा असतो आणि पानावर त्यांच्या जाहिराती दिसतात. व्हिडिओ बघून शिकताना तो यांपैकी कशाबद्दल बोलतो आहे, हे आधी तपासा.

ब्लॉगर. होस्टिंगला एक पैसाही काढायचा नसेल तर हे घ्या. २००३ पासून गूगलकडे आहे. चालवायला पैसे लागत नाहीत, आपलं डोमेन जोडता येतं, लेखांची फाइल काढता येते, अद्ययावत करण्याची कटकट नाही. रूप जुनाट वाटतं आणि सोयी मोजक्या आहेत, पण लिहिणाऱ्याला पुरेसं आहे. डोमेन मात्र घ्याच. मग उद्या वर्डप्रेसवर जायचं ठरवलंत तरी पत्ता तोच राहतो.

घोस्ट. लिहायला फार सुखद, आणि लेख थेट सदस्यांच्या ईमेलवर जातो. पण त्यातली पैसे घेण्याची सोय स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेवर उभी आहे, आणि आपल्याकडे फी यूपीआयने किंवा रोख येते. आपले ज्येष्ठ सभासद ईमेल उघडत नाहीत, व्हॉट्सॲप उघडतात. ऑनलाइन सशुल्क कार्यक्रम विकणाऱ्यांनी याचा विचार करावा, गल्लीतल्या वर्गाला गरज नाही.

विक्ससारखे ओढून-सोडून पान बनवायचे बिल्डर. पहिल्या दिवशी सगळ्यांत सोपे. पण तिथे बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला इथे नाही असं उत्तर येतं, म्हणून मी सुचवत नाही.

जिमच्या हजेरी-फीच्या सॉफ्टवेअरमध्येही ब्लॉगची सोय देतात. ती वापरू नका. हजेरीचं सॉफ्टवेअर दोन वर्षांनी बदललंत तर लेखही जातील.

पुढचं सगळं वर्डप्रेस धरून लिहिते. ब्लॉगर घेतलंत तर चौथी आणि पाचवी पायरी सोडा.

४. होस्टिंग

सर्वांत साधी शेअर्ड योजना (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरते. आपल्याकडे दिवसाला शंभरेक लोक आले तरी खूप. बघायचं एवढंच: सर्व्हर भारतात आहे का, रोजचा बॅकअप मिळतो का, लेट्स एनक्रिप्टचं फुकट एसएसएल प्रमाणपत्र (त्याने साइट सुरक्षित जोडणीवर उघडते) मिळतं का, आणि रात्री आठ वाजता मदतीला माणूस बोलतो का. शेवटची गोष्ट खरेदीआधीच एकदा प्रश्न विचारून तपासा. "अमर्याद जागा" या शब्दांवर जाऊ नका. चार वर्षांचे पैसे एकदम भरण्याचा आग्रह होईल. पहिल्यांदा एकाच वर्षाचे भरा.

डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या ठिकाणी घेतलंत तर बरंच. एकाशी बिनसलं तर दुसरं हातात राहतं. डोमेनच्या खात्यात होस्टिंगवाल्याने दिलेले नेमसर्व्हर (डोमेनला होस्टिंगकडे वळवणारी नावं) भरा आणि थांबा. कधी तासाभरात होतं, कधी दोन दिवस लागतात. या काळात साइट दिसत नाही म्हणून सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका.

५. बसवणं आणि पहिल्याच दिवशी बदलायच्या गोष्टी

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये वर्डप्रेस बसवायचं बटण असतं. दोन-तीन मिनिटांत होतं. त्यात वापरकर्त्याचं नाव 'ॲडमिन' ठेवू नका, घुसखोर पहिल्यांदा तेच नाव वापरून बघतात. मग लगेच पुढचं करा.

सेटिंग्जमध्ये जनरल उघडा आणि टाइमझोन कोलकाता करा. मुळात तो यूटीसी असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आज वर्ग बंद असल्याची सूचना मी सकाळी सहाला लावली होती, ती साडेअकराला निघाली. तोवर बायका कुलूप बघून परत गेल्या होत्या.

सेटिंग्जमध्ये परमालिंक (लेखांच्या पत्त्याचं रूप) उघडा आणि पोस्टच्या नावाचा पर्याय निवडा. हे पहिल्याच दिवशी, कारण नंतर बदललं की जुने दुवे बिघडू शकतात.

सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा. सर्च इंजिनांना दूर ठेवायची एक चौकट तिथे असते. बांधणी चालू असताना लोक तिच्यावर खूण करतात आणि काढायला विसरतात. मग वर्षभर लेख लिहूनही गूगलवर काही दिसत नाही.

टिप्पण्या बंद करा. स्पॅम अडवणारं अकिस्मेट व्यावसायिक साइटला फुकट नाही, आणि आपल्या लोकांना टिप्पणी लिहिण्यापेक्षा फोन करणं सोपं वाटतं. त्याऐवजी प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सॲपचा दुवा द्या: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. मध्ये अधिकचं चिन्ह किंवा मोकळी जागा नको.

थीम, म्हणजे साइटचं रूप, वर्डप्रेससोबत येणारीच घ्या. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी, मी चारच ठेवलेत: बॅकअप, दुहेरी पडताळणी, फोटो लहान करणं, संपर्काचा फॉर्म. विकत घ्यायच्या थीम फुकटात वाटणारी ठिकाणं असतात. तिथलं काहीही बसवू नका, त्यात चोरदार ठेवलेलं असू शकतं.

६. मराठीत लिहिण्यासाठीची मांडणी

इंग्रजी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

साइटची भाषा मराठी करा. तारखा आणि महिन्यांची नावं मराठीत येतात, आंधळ्या वाचकांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मजकूर मराठी म्हणून वाचतं, आणि ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं आहेत ते ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. तुमच्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी ठेवता येते. कामाची बाजू इंग्रजीत राहू द्या, म्हणजे कुणी मदत करताना सांगितलेलं बटण सापडेल.

सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, हवं. पत्रकं छापून घेताना जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर चिकटवलात तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील. फोनवर जीबोर्ड चांगलं चालतं. मी बरेचदा बोलून लिहिते आणि मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. फॉन्ट मुक्ता घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी, आणि अक्षर इंग्रजीपेक्षा जरा मोठं ठेवा. वाचणाऱ्यांत साठीच्या पुढच्या बायका आहेत.

आता लेखाचा पत्ता. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस तेच पत्त्यात घालतं. ब्राउझरमध्ये ठीक दिसतं, पण व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची लांबलचक माळ होते. लोकांना तो व्हायरस वाटतो. शिवाय पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर-चिन्ह त्यात ९ जागा खातं. काना, मात्रा, वेलांटी सगळी धरून बावीसेक चिन्हांतच शीर्षक तुटतं. उपाय सोपा आहे: प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूला पत्ता बदलून रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाका. 'navratri-gudghe-vyayam' एवढं पुरे.

भाषेचा प्रश्न बडोद्यात येतोच. माझ्या वर्गात निम्म्या बायका गुजराती आहेत. लेख मी मराठीत लिहिते, पण वेळ, फी आणि पत्ता यांचं एक पान गुजरातीत वेगळं केलं आहे, आणि ते शेजारच्या एका सभासद बहेनकडून वाचून घेतलं. आपोआप भाषांतर करणारं प्लगइन व्यायामाच्या साइटला लावू नका. "गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे किती जाऊ द्यायचा" असल्या वाक्यात एक शब्द उलटा झाला, तर ते वाचून घरी करणारीला इजा होईल.

७. आधी पानं, मग लेख

चार पानं: वर्गाविषयी, वेळ आणि फी, तुमचं शिक्षण व अनुभव, संपर्क. फी लिहा. न लिहिल्याने चौकशीचे फोन वाढतात, प्रवेश वाढत नाहीत.

लेखांसाठी विषय शोधत बसू नका. गेल्या महिन्यात सभासदांनी जे विचारलं ते वहीत उतरवा आणि एका प्रश्नाला एक लेख द्या. बडोद्यात सगळ्यांत वाचला जाणारा विषय गरब्याचा. नऊ रात्री उभ्याने फेर धरायचा म्हणजे पोटऱ्या, घोटे आणि गुडघे आधीपासून तयार हवेत. तो लेख मी श्रावणाच्या आधीच टाकते, कारण गूगलला लेख सापडून वर यायला वेळ लागतो आणि वाचणारीलाही सरावाला सहा आठवडे मिळतात. घटस्थापनेला टाकलेल्या लेखाचा उपयोग फक्त दुखऱ्या पायांना.

लोक मराठी शब्द रोमन लिपीतही टाकून शोधतात, तेव्हा लेखात एकदा तसाही उल्लेख येऊ द्या. बैठका, जोर, पोटऱ्या, कंबर हे आपले शब्द ठेवा. बाहेर जे 'स्क्वॉट' म्हणून ओळखलं जातं ते तसंही लिहा.

८. फोटो, परवानगी आणि दावे

फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या रूपात चढवा. व्हिडिओ होस्टिंगवर चढवू नका, यूट्यूबवर ठेवून लेखात जोडा.

सभासदाचा फोटो लावण्याआधी लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सॲपवरचं स्पष्ट "हो" जपून ठेवलंत तरी चालेल. मुलांच्या बाबतीत जास्त जपा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मल्लखांबावरची मुलं फोटोत छान दिसतात, म्हणून हे सहज विसरलं जातं. आधी-नंतरचे वजनाचे फोटो मी लावतच नाही. बाईने आज हौसेने हो म्हटलं, तरी दोन वर्षांनी तिला ते नको असू शकतं.

"मधुमेह बरा होईल", "उंची वाढेल" असं कुठेही लिहू नका. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा आणि उंची तिन्ही आहेत. वर्गात पावडर किंवा काढा विकणाऱ्याला तर हे नेमकं लागू पडतं. व्यायामापुरतं बोलायचं तरी जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा: जिना चढताना दम कमी लागतो, मांडी घालून बसता येतं. गुडघ्याचं ऑपरेशन, हृदयविकार, गर्भारपण यांचा विषय निघाला की डॉक्टरांना विचारून सुरू करा, ही ओळ लेखाच्या सुरुवातीलाच द्या.

९. गूगलच्या नकाशावर जोडा

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा, आणि जागा तुमच्या ताब्यात असल्याचा पुरावा. व्हिडिओ एका दमात घ्या, कापाकापी करू नका. नाव, पत्ता आणि फोन साइटवर जसा आहे अगदी तसाच इथे लिहा. "सूरसागरजवळ" आणि "दांडिया बाजार" अशी दोन ठिकाणी दोन रूपं नकोत. घरी वर्ग असेल तर पत्ता लपवून फक्त भाग दाखवता येतो.

मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारी सोय) साइट जोडा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. वर्डप्रेस तो आपोआप बनवतं. तुम्हाला फक्त त्याचा पत्ता भरायचा आहे.

१०. महिन्यातून एक तास

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एवढं करते. आधी बॅकअप घेऊन तो गूगल ड्राइव्हवर ठेवते, कारण होस्टिंग गेलं तर तिथला बॅकअपही त्याच्याबरोबर जातो. मग वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करते. क्रम हाच ठेवा. त्यानंतर दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून साइट उघडते, व्हॉट्सॲपचा दुवा दाबून बघते आणि फीच्या पानावरचे आकडे तपासते.

तीन महिन्यांतून एकदा टूल्समधल्या एक्सपोर्टने सगळ्या लेखांची फाइल काढते आणि पेन ड्राइव्हवर ठेवते. तो पेन ड्राइव्ह आणि ती वही घरच्या कपाटात एकत्र आहेत, आणि दोन्ही कुठे आहेत हे माझ्या मुलीला माहीत आहे.